किरणं कुठवर आली?

९ नोव्हेंबरची संध्याकाळ झाली की आत्याचा फोन ठरलेला. "आज कुठवर आली रे किरणं?" तब्येत कशी, पोरं कशी, हे सगळं नंतर. आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे आणि दम्यामुळे थंडीत घराबाहेर पडत नाही. एकेकाळी मात्र अंबाबाईच्या किरणोत्सवाला तासभर आधी जाऊन जागा धरणारी बाई.

कोल्हापूरबाहेरच्या मंडळींसाठी थोडं सांगतो. अंबाबाईची मूर्ती पश्चिमेला तोंड करून आहे. वर्षातून दोनदा मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून आत येतात आणि गरुड मंडप, कासव चौक, पितळी उंबरा असं एकेक ओलांडत गाभाऱ्यात पोचतात. परंपरेने हे तीन-तीन दिवस: ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. पहिल्या दिवशी चरण, मग हळूहळू वर, शेवटच्या दिवशी मुख. सगळा खेळ काही मिनिटांचा.

गंमत अशी की आपले बहुतेक सण चंद्रावर चालतात, हा मात्र सूर्यावर. म्हणून दिवाळी मागेपुढे होते, किरणोत्सव हलत नाही. २१ डिसेंबरच्या आधी ४२ दिवस आणि नंतर ४१ दिवस, म्हणजे सूर्य दक्षिणेकडे जाताना आणि परतताना क्षितिजावर जवळजवळ त्याच जागी मावळतो. तो नेम साधून देऊळ बांधणाऱ्यांनी काय हिशेब केला असेल, याचं मला लहानपणापासून कौतुक आहे.

हिशेब इतका पक्का, तरी किरणं दर वर्षी मुखापर्यंत येतातच असं नाही. कधी चरणांवरच थांबतात, कधी उंबऱ्याशीच विरतात. मग दुसऱ्या दिवशी चर्चा. वाटेतल्या इमारतींची चर्चा तर दर वर्षीची. नोव्हेंबरात परतीच्या पावसाचे उरलेसुरले ढग आले तर कुणाचाच इलाज नाही. पण आकाश निरभ्र, वाट मोकळी आणि तरीही किरणं फिकी, असं होतं तेव्हा अडतं कुठं?

अडतं हवेत. सूर्य डोक्यावर असताना त्याचा प्रकाश हवेच्या थरातून सरळ खाली येतो. मावळायला पाव तास उरला असताना तो इतका तिरपा येतो की त्याला दहा-पंधरापट जास्त हवा ओलांडावी लागते, आणि तीही जमिनीलगतची, धूळधुराची. दुपारी ज्या धुरक्याकडे आपलं लक्षही जात नाही, ते संध्याकाळी किरणांचा जीव काढून घेतं. हल्ली किरणोत्सवाला पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक प्रकाश मोजायची यंत्रं घेऊन येतात. मला वाटतं, यंत्रं नव्हती तेव्हाही हे देऊळ कोल्हापूरची हवा वर्षातून दोनदा मोजतच होतं. आपण ते माप देवीची मर्जी म्हणून वाचत होतो, एवढंच.

आता या दोन तारखा कोल्हापूरच्या वर्षात कुठे पडतात ते बघा. पावसाळ्यात इथली हवा धुऊन निघते. एकाच जिल्ह्यात गगनबावड्याला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, शहरात हजाराच्या आसपास, शिरोळकडे त्याच्याही निम्मा. ऑक्टोबरात पाऊस जातो, रात्री थंड होऊ लागतात, थंड जड हवा नदीकाठच्या सखल भागात बसते आणि तिच्यात धूर अडकतो. सकाळी पंचगंगेच्या पुलावरून बघितलं की शिवारावर पसरलेली चादर दिसते. आणि नेमका तेव्हाच उसाचा हंगाम सुरू होतो. नोव्हेंबरचा किरणोत्सव हंगामाच्या तोंडाशी, जानेवारीचा ऐन मध्यात.

ऊस इथं पूर्वीपासून होता, पण एवढा नव्हता. १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली. १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरीची बाजारपेठ वसवली आणि गुळाला हक्काची पेठ मिळाली. १८९६-९७च्या दुष्काळाने पाण्याची किंमत शिकवली. पुढच्या दशकात महाराजांनी भोगावतीवर राधानगरी धरणाचं काम हाती घेतलं. ते पुरं व्हायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं, पण त्या पाण्याने आणि नदीवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनी या जिल्ह्याचं नशीब पालटलं. पाण्यामागून ऊस आला, उसामागून गुऱ्हाळं, मग साखर कारखाने. चुलवाणात चिपाडं धडधडायला लागली, आणि तोडणीच्या आगेमागे फडात पाला पेटायला लागला.

म्हणजे ज्या पाण्याने आम्हाला दुष्काळातून बाहेर काढलं, त्याच्याच पाठीवर बसून हा धूर आला. यात खलनायक कुणी नाही. माझं स्वतःचं शिक्षण उसाच्या बिलावर झालं. लहानपणी रात्री फड पेटला की आम्ही पोरं बांधावर बसून तो बघायचो, दिवाळीपेक्षा मोठी रोषणाई! सकाळी दोरीवरच्या कपड्यांवर काजळीचे काळे धागे पडलेले असत. आत्या ते झटकायची आणि खोकायची. या दोन गोष्टी जोडायला मला चाळीस वर्षं लागली.

धूर एकट्या उसाचा नाही, हेही खरं. शहरातल्या गाड्या, रस्त्यांची धूळ, फटाके. २०१५ मध्ये तर लक्ष्मीपूजन बरोबर ११ नोव्हेंबरला, किरणोत्सवाच्या तिसऱ्या दिवशी आलं होतं. २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा हवेची मानकं न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत कोल्हापूरचं नाव होतं. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या इथल्या मोजणीच्या जागांपैकी एक महाद्वार रोडवरची. ज्या वाटेने किरणं आत येतात तीच वाट! दोन्ही मापं एकाच रस्त्यावर, एक वर्षभर चालणारं, एक सहा संध्याकाळी.

वाटेतली भिंत उतरवता येते, तिला मालक असतो, नोटीस देता येते. हवेला नोटीस कुणाच्या नावानं काढायची? आपल्या सगळ्यांच्याच काढावी लागेल, म्हणून तिची चर्चा होत नाही.

हे मी घरी बोललो तेव्हा दादा चिडला. (दादा, तू हे वाचणार हे माहीत आहे.) तो म्हणाला, पाला न जाळता खोडवा राखायचा तर कुट्टीचा खर्च कोण देणार, तू? त्याचंही बरोबर आहे. पाचट कुजवलं की जमिनीला ओल आणि खत मिळतं हे त्यालाही ठाऊक आहे, पण खर्च आज असतो आणि फायदा नंतर दिसतो. तरी गेल्या हंगामात त्याने विहिरीजवळचे दहा गुंठे न पेटवता ठेवले. मला सांगितलं नाही. मी गेल्यावर दिसले.

आत्याला फोनवर तेही सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दहाच का रे?"