नाशिकचा मित्रमेळा

मेळा म्हटला कीं हौशी मुलें, झांजा आणि दोन मेळ्यांतील चुरस डोळ्यांपुढें येते. १८९३ नंतर सार्वजनिक गणेशोत्सवाबरोबर ही प्रथा फैलावली. कोणाचीं पदें सरस, कोणाचा गळा गोड, यावरून ईर्षा चाले.

नाशिकास १९०० च्या आरंभीं तिळभांडेश्वराच्या गल्लींत तरुणांनीं मित्रमेळा काढला. विनायक सावरकर त्यांत पुढें होते. आठवड्याच्या बैठकींत इतिहासावर भाषणें आणि वादविवाद होत. सावरकरांनीं पुढें ‘माझ्या आठवणीं’त त्यांची हकीकत लिहून ठेवली. मेळ्याचीं पदें रचीत ते गोविंद दरेकर. पायांनीं पांगळा असलेला, पूर्वीं लावण्या करणारा हा गृहस्थ येथेंच ‘कवि गोविंद’ झाला. १९०४ सालीं या मंडळींतून ‘अभिनव भारत’ उभी राहिली.

आतां चुरस शेजारच्या मेळ्याशीं उरली नाहीं. ती सरकाराशीं जडली. गोविंदांचीं कवनें छापल्याबद्दल १९०९ मध्यें बाबाराव सावरकरांस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्याच वर्षीं २१ डिसेंबरला नाशिकच्या नाट्यगृहांत कलेक्टर जॅक्सन यांचा खून झाला, आणि मागोमाग धरपकड आली.

ज्या पदांना एरव्हीं शाबासकी किंवा हंशा मिळावयाचा, त्यांना येथें जन्मठेप मिळाली. गाण्याचें वजन त्या काळच्या राज्यकर्त्यांनीं अचूक ओळखलें होतें, एवढें मात्र खरें.