सांध्यांचे नेपथ्य

'नेपथ्य' या शब्दाचे दोन्ही अर्थ आपल्या परिचयाचे आहेत: नटाची वेशभूषा आणि पडद्यामागची जागा. एक दाखवण्यासाठी, दुसरी लपवण्यासाठी. सुटकेच्या जादूप्रयोगातील पेटी हे दोन्ही अर्थ एकाच वेळी वागवते. तिच्या घडणीत मुळातच एक विसंगती आहे. गावोगाव फिरणाऱ्या कलावंताची पेटी सुटी करता आली पाहिजे, आगगाडीत चढवता आली पाहिजे आणि पुढच्या मुक्कामी तासाभरात पुन्हा जोडता आली पाहिजे. प्रेक्षकाला मात्र ती कधीच न सुटणारी, अभेद्य वाटली पाहिजे. जिथे सांधा आहे तिथे वाट आहे, हे सुताराला ठाऊक असते. ते प्रेक्षकाला सुचू नये, यातच सारे कौशल्य.

या पेटीचा आधुनिक इतिहास एका कपाटापासून सुरू होतो. अमेरिकेतील बफेलोचे आयरा आणि विल्यम डेव्हनपोर्ट हे बंधू 1864 साली इंग्लंडात आले. तीन दारांच्या लाकडी कपाटात त्यांना दोरखंडांनी बांधले जाई. दारे मिटली की आतून वाद्ये वाजू लागत. हे मृतात्म्यांचे काम, अशी अनेकांची श्रद्धा होती. 1865 मध्ये चेल्टनहॅम येथे हा प्रयोग जॉन नेव्हिल मॅस्केलिन या तरुण घड्याळजीने पाहिला. त्याच्या सांगण्यानुसार, क्षणभर प्रकाशाची तिरीप आत शिरली आणि बांधलेला हात मोकळा असलेला त्याला दिसला. त्याच वर्षी त्याने जॉर्ज कुक या मित्रासह हाच खेळ आत्म्यांविना करून दाखवला आणि त्याला कुलूपबंद पेटीतून सुटण्याच्या प्रयोगाची जोड दिली. जे कपाट श्रद्धेचे साधन होते, त्याची जागा आता पेटीने, म्हणजे कारागिरीने घेतली. हा बदल लहान नव्हे. प्रेक्षकाला आपण फसवले जात आहोत हे आधीच मान्य होते. कसे, एवढाच प्रश्न उरला.

परंतु 'कसे' हा प्रश्न उघड्यावर आला की कारागिराची पंचाईत होते. लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये 1873 पासून बस्तान बसवलेल्या मॅस्केलिनने, आपल्या पेटीची बिनचूक प्रतिकृती करणाऱ्यास 500 पौंड देण्याचे आव्हान दिले होते. दोघांनी तशी पेटी करून रकमेवर दावा सांगितला. 1898 साली प्रकरण न्यायालयात गेले, हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोहोचले आणि मॅस्केलिन हरला. त्याची अडचण लक्षात घ्या. 'त्यांची युक्ती माझी नव्हे' हे निर्विवाद सिद्ध करायचे, तर स्वतःची पेटी भर न्यायालयात उलगडावी लागणार. जे रहस्य पुराव्यादाखल मांडले, ते रहस्य उरत नाही. मालकी सिद्ध करण्यासाठी मालमत्ताच गमवावी लागावी, असा हा पेच होता.

पुढच्या पिढीतील हॅरी हूडिनीने या पेचावर काढलेला तोडगा साहित्याच्या अभ्यासकांना विशेष रंजक वाटावा. 1908 साली त्याने पाण्याने भरलेल्या दुधाच्या कॅनमधून सुटण्याचा प्रयोग सुरू केला. अनुकरण करणारे लवकरच पुढे आले. तेव्हा त्याने नवी पेटी घडवली: महोगनी लाकूड, धातूची चौकट, समोर काच, पाय खोड्यात अडकवून कलावंताला पाण्यात उलटे सोडायचे. पेटंट घेतले तर आराखडा जाहीर होणार. म्हणून 1911 मध्ये साउदॅम्प्टन येथे त्याने हा प्रयोग नाटक म्हणून एकाच प्रेक्षकासमोर सादर केला आणि नाट्यकृती म्हणून त्याचे हक्क राखले. यंत्राला जे संरक्षण परवडत नव्हते, ते संहितेच्या नावाखाली मिळाले. जाहीर पहिला प्रयोग 21 सप्टेंबर 1912 रोजी बर्लिनच्या सर्कस बुशमध्ये झाला. एका प्रेक्षकाचे नाटक हे नाटक असते काय, हा प्रश्न एरवी आपण तात्त्विक मानतो. येथे तो पोटापाण्याचा होता.

याच हूडिनीने एक पेटंट मात्र खुशाल घेतले. 1921 साली मंजूर झालेला त्याचा पाणबुड्याचा पोशाख दोन भागांत होता आणि ते मधोमध जोडलेले होते. संकटात सापडलेल्या पाणबुड्याला तो चटकन उतरवता यावा, हा हेतू. येथे सांधा लपवायचा नव्हता. उलट तो कुठे आहे आणि कसा सुटतो, हे वापरणाऱ्याला माहीत असणे यावरच त्याचा जीव अवलंबून होता. ज्ञान तेच: बंद वस्तूतून बाहेर कसे पडावे. रंगमंचावर ते झाकले तर कला होते. पाण्याखाली झाकले तर घात होतो.

हूडिनी 1926 मध्ये वारला. 1995 साली नायगारा फॉल्स येथील संग्रहालयाला लागलेल्या आगीत त्याची ती पेटी जळाली. धातूची चौकट तेवढी वाचली. लाकूड आणि काच गेल्यावर जे उरले, त्यावर पेटी पुन्हा उभारण्यात आली. मागे उरला तो सांगाडाच, म्हणजे जिथे सगळे सांधे येऊन मिळतात तो भाग. हयातभर जो नजरेआड ठेवायचा, तोच अखेरीस टिकला.