माणूस 'असतो' की 'घडतो'? सोपाऱ्याचा दासीपुत्र ते मनमाडची परिषद

चळवळीत तत्त्वज्ञानाचा विषय निघाला की एक प्रतिक्रिया हमखास येते. "आत्मा आहे की नाही यावर चर्चा करून आमच्या पोरांची शिष्यवृत्ती सुटणार आहे का?" प्रश्न रास्त आहे. पण ठाण्यात, कल्याणात किंवा डोंबिवलीत भाड्याने घर शोधणाऱ्या आपल्या कोणत्याही तरुणाला विचारा. पगार किती हे विचारण्याआधी त्याला आडनाव विचारले जाते. आडनाव विचारणारा घरमालक नकळत तत्त्वज्ञानच मांडत असतो. हा मुलगा काय शिकला, काय काम करतो, कसा वागतो हे सगळे नंतर. तो 'मुळात काय आहे' हे आधी, असे त्याचे म्हणणे असते.

'मुळात काय आहे?' या प्रश्नाच्या शास्त्राला अस्तित्वाचे तत्त्वज्ञान म्हणतात. विद्यापीठात त्यालाच ऑन्टोलॉजी हे नाव आहे. हा प्रश्न रिकामटेकड्यांचा नाही. जातिव्यवस्था त्याच्या एका विशिष्ट उत्तरावर उभी आहे आणि ते उत्तर खोडून काढल्याशिवाय ती हलत नाही.

असणे जन्माला कसे बांधले गेले

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पुरुषसूक्तात एका विराट पुरुषाच्या मुखापासून ब्राह्मण, बाहूंपासून राजन्य, मांड्यांपासून वैश्य आणि पायांपासून शूद्र झाला असे सांगितले आहे. ही नुसती कामाची वाटणी नाही. माणसे मुळातच वेगवेगळ्या जागेची आहेत, असे हे विधान आहे. पुढे गीतेच्या अठराव्या अध्यायात चारही वर्णांची कर्मे त्यांच्या स्वभावातून आली असल्याचे सांगितले गेले. म्हणजे शोषण हे कुणा माणसाचे कृत्य राहिले नाही, तो निसर्ग झाला. त्यावर पूर्वजन्मीच्या कर्माची मोहोर उठली आणि तक्रार करायलाही जागा उरली नाही.

"पण अद्वैताने तर सर्वांच्या ठायी एकच ब्रह्म आहे असे सांगितले!" हा युक्तिवाद आपल्याला नेहमी ऐकवला जातो. त्याला उत्तर शंकराचार्यांच्याच ब्रह्मसूत्रभाष्यात आहे. पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात शूद्राला वेदविद्येचा अधिकार आहे का, हा प्रश्न येतो. शंकराचार्य 'नाही' असे उत्तर देतात आणि वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसे व लाख ओतण्याची शिक्षा सांगणारे स्मृतिवचन आधार म्हणून पुढे करतात. ज्या ग्रंथात सर्व काही एकच असल्याचा सिद्धांत आहे, त्याच ग्रंथात हा निर्णय आहे. अस्तित्वाच्या पातळीवर समता आणि व्यवहाराच्या पातळीवर शिसे, असा हा हिशोब आहे.

आपल्याच जिल्ह्यातले दुसरे उत्तर

दुसरे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. दिवा–वसई मार्गाने वसई रोडला उतरायचे. पुढचेच स्टेशन नालासोपारा. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत हे ठिकाण ठाणे जिल्ह्यातच होते. प्राचीन काळी याचे नाव शूर्पारक, पालीत सुप्पारक. समुद्रापलीकडे व्यापार करणारे हे बंदर होते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूप उत्खनन करून उजेडात आणला. स्थानिक लोक त्या टेकाडाला 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. बुद्धाचे स्मारक लोकांच्या आठवणीत टोपल्या विणणाऱ्यांच्या राजाचे होऊन राहिले होते, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

याच सोपाऱ्याचे दोन पुरुष बौद्ध साहित्यात आहेत. पहिला बाहिय. त्याची कथा 'उदान' या ग्रंथात येते. समुद्रकाठी राहणारा हा साधू लोकांत मानला जाई आणि आपण अर्हत आहोत असे त्याला वाटू लागले होते. म्हणजे 'मी कोण आहे' हाच त्याचा प्रश्न होता. ती शंका घेऊन तो थेट श्रावस्तीला गेला आणि भिक्षेसाठी निघालेल्या बुद्धांना त्याने रस्त्यातच गाठले. बुद्धांनी त्याला कोणतीही पदवी दिली नाही. त्यांच्या उपदेशाचा आशय असा, की पाहणे घडते, ऐकणे घडते, जाणणे घडते. त्यामागे 'मी' नावाचा कुणी कायमचा मालक बसलेला नाही, आणि हे ज्याला उमगते त्याचे दुःख तिथे संपते. अनात्म सिद्धांताची इतकी नेमकी मांडणी पाली साहित्यात क्वचितच आढळते, आणि ती ऐकणारा माणूस आपल्या कोकणपट्टीचा होता.

दुसरा पूर्ण. 'दिव्यावदान' या संस्कृत बौद्ध ग्रंथातील कथेनुसार तो शूर्पारकच्या व्यापाऱ्याचा दासीपासून झालेला मुलगा. बापाच्या मागे सावत्र भावांनी त्याला वाटणीतून बाहेर ठेवले, कारण ते त्याला माणूस म्हणून नव्हे तर मालमत्तेतली वस्तू म्हणून मोजत होते. तोच पूर्ण चंदनाच्या व्यापारात मोठा झाला, भिक्खू झाला आणि त्याच्या नावाने धम्म या किनाऱ्यावर पोहोचला अशी परंपरा आहे. कथेला इतिहास म्हणायचे नसेल तरी ती कोणता विचार सांगते हे स्पष्ट आहे. भावांनी 'तू मुळात काय आहेस' हे विचारले. संघाने 'तू काय करतोस' हे विचारले.

हा विचार कथांपुरता नव्हता. वासेट्ठ सुत्तात बुद्ध सांगतात की गवत, किडे, पक्षी, मासे यांच्यात जन्मजात खुणांनी जाती वेगळ्या ओळखता येतात; माणसांत तशी एकही खूण सापडत नाही, माणसांतला भेद हा व्यवहारातल्या नावाचा भेद आहे. अस्सलायन सुत्तात ते यवन आणि कंबोजांच्या प्रदेशाचे उदाहरण देतात: तिथे मालक आणि दास असे दोनच वर्ग आहेत आणि मालकाचा दास, दासाचा मालक होऊ शकतो. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही जे विसाव्या शतकातल्या पुस्तकांतून शिकलो, ते हेच: सामाजिक भेद हे वस्तूचे गुणधर्म नसतात, ती माणसांनी केलेली रचना असते.

सोपाऱ्यालाच सम्राट अशोकाच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत. नववा लेख मंगल विधींविषयी आहे. लोक आजारपणात, लग्नात, प्रवासाला निघताना नाना विधी करतात, पण खरे मंगल म्हणजे दास व सेवकांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांबाबत संयम, असा त्याचा आशय आहे. आणि अशोकानंतरच्या शतकांत कल्याण बंदराची नावे कान्हेरीच्या लेण्यांत कोरलेली दिसतात. तिथे कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे, कल्याणच्या लोहाराचेही दान आहे. नाव, गाव, धंदा आणि दान एवढीच त्यांची ओळख. हातांनी काम करणारा माणूस त्या दगडावर सन्मानाने उभा आहे.

युरोपात काय घडले

युरोपातही शतकानुशतके प्रत्येक वस्तूला एक ठरलेले सारतत्त्व असते असे मानले जात होते. १७३९ मध्ये डेव्हिड ह्यूमने 'मी' आत शोधून पाहिला आणि त्याला संवेदनांच्या प्रवाहापलीकडे काही सापडले नाही. १९२७ मध्ये मार्टिन हायडेगरने अस्तित्वाचा प्रश्नच नव्याने मांडला. १९४३ मध्ये सार्त्रने माणसाला आधीच ठरलेले सार नसते, तो कृतीतून स्वतःला घडवतो अशी मांडणी केली. १९४९ मध्ये सिमोन द बोव्हारने तोच विचार स्त्रीला लावला: बाईपण जन्मातून येत नाही, ते लादले जाते. १९५२ मध्ये फ्रान्झ फॅननने तो काळ्या माणसाला लावला.

हे सगळे बुद्धांमुळे घडले असा दावा मी करत नाही. अशा ओढूनताणून आणलेल्या मोठेपणाची आपल्याला गरज नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. अस्तित्वाचा एवढा खोल विचार करणारा हायडेगर १९३३ मध्ये नाझी पक्षाचा सभासद झाला. शंकराचार्यांच्या भाष्यात जे दिसले तेच इथे दिसते: अस्तित्वाचे भव्य तत्त्वज्ञान माणसाला माणुसकी शिकवेलच याची हमी नाही.

बाबासाहेबांनी प्रश्न कुठे नेला

कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब जॉन ड्यूई यांचे विद्यार्थी होते. विचाराची कसोटी त्याच्या परिणामांत पाहायची, ही ड्यूईंची शिकवण त्यांनी ब्रह्मालाही लावली. 'रिडल्स इन हिंदुइझम' १९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केले तेव्हा राम-कृष्णावरील परिशिष्टावरून रस्त्यावर मोठा संघर्ष झाला. तो संघर्ष आपल्याला आठवतो, पण त्याच ग्रंथातील ब्रह्मावरचे कोडे फारसे कुणी वाचत नाही. त्यात बाबासाहेब एक अनपेक्षित गोष्ट कबूल करतात: सर्वांत एकच तत्त्व आहे हा विचार लोकशाहीला भक्कम पाया देऊ शकला असता. मग दिला का नाही? कारण तो कधीच धर्म, म्हणजे आचरण झाला नाही. ग्रंथात ब्रह्म राहिले आणि गावात जात राहिली.

म्हणूनच 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आत्म्यावरील विश्वास आणि ब्रह्माशी एकरूपता या दोन्हींना अधम्म ठरवले आहे. त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेब बेधडक विचारतात की आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसे? हा प्रश्न त्यांना टाळता आला नसता, कारण पूर्वजन्मीच्या पापाची कल्पना ही अस्पृश्याच्या गळ्यातली शेवटची साखळी होती.

१२–१३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. कल्याण जंक्शन याच रेल्वेवरचे. बाबासाहेबांनी तिथे ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जातीचे लोक नव्हेत, स्वातंत्र्य, समता, बंधुता यांचा नकार. आणि तो कोणत्याही वर्गात असू शकतो, हेही स्पष्ट केले. अस्पृश्याला स्टेशनवर हमालाची नोकरी का मिळत नाही? कारण स्टेशनमास्तर हमालाकडून घरकामही करून घेतो. गिरणीत विणकाम खात्यात का घेत नाहीत? कारण तिथे तुटलेला धागा तोंडात धरून ओला करावा लागतो. 'तू मुळात काय आहेस' या प्रश्नाचे उत्तर पगाराच्या आकड्यात कसे उतरते, हे त्यांनी कामगारांना त्यांच्याच कामातून दाखवले. शत्रूची व्याख्याही त्यांनी जन्मावरून केली नाही.

मग आज?

आता विरोधकांचा आवडता प्रश्न. "जात खोटी आहे म्हणता, मग आरक्षण कशाला मागता?" उत्तर प्रतीत्यसमुत्पादात आहे. जात शाश्वत नाही याचा अर्थ ती नाही असा होत नाही. कारणांनी निर्माण झालेली गोष्ट माणसाला मारू शकते. ताप कुणाचा स्वभाव नसतो, तरी औषध लागतेच. धर्म बदलल्याने कारणे आपोआप संपत नाहीत, हे शासनालाही मान्य करावे लागले. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत स्थान मिळायला १९९० साल उजाडले.

पण मित्रांनो, हाच आरसा आपल्यासमोरही धरावा लागेल. १४ ऑक्टोबर १९५६ च्या प्रतिज्ञांत नव्या जन्माची भाषा आहे. तो जन्म निर्णयाने घ्यायचा असतो, तो आईबापांकडून आपोआप मिळत नाही. आज आपल्याकडे 'जन्मतः बौद्ध' असे अभिमानाने सांगितले जाते. वधू-वर मेळाव्यात परिचयपत्रावर 'बौद्ध' लिहिलेले असते आणि कोपऱ्यात नेऊन पोटजात विचारली जाते. मातंग, चर्मकार किंवा भटक्या समाजातला कार्यकर्ता दीक्षा घेऊन आला तर आपण त्याला 'आपला' म्हणायला किती वर्षे लावतो? हा प्रश्न विचारणारा प्रत्येक जण पूर्णाच्या भावांचीच भाषा बोलत असतो.

अनात्म हा फक्त ध्यानशिबिराचा विषय नाही. माणूस ठरलेला नाही, म्हणून तो बदलू शकतो. समाज ठरलेला नाही, म्हणून तो बदलता येतो. आपल्या प्रत्येक विहारात वंदनेनंतर अर्धा तास तरी वासेट्ठ सुत्त आणि ब्रह्मावरचे ते कोडे शेजारी शेजारी ठेवून वाचले गेले पाहिजे. आणि पुढच्या मेळाव्यात परिचयपत्रावरचा पोटजातीचा प्रश्न, लिहिलेला असो वा कुजबुजलेला, आपण स्वतः थांबवला पाहिजे.

नमो बुद्धाय! जयभीम!