मगनवाडीचा घाणा आणि हृदयाचे पथ्य

रक्तात कोलेस्टेरॉल वाढल्याचा दाखला प्रयोगशाळेतून ज्याच्या हाती पडतो, त्याला आज वैद्यकीय सल्ला मिळतो तो साधारणतः असा, की वनस्पती तूप सर्वथा वर्ज्य करावे, तूप-लोणी-साय यांस आवर घालावा, तळलेले जिन्नस सणावारापुरते ठेवावेत, मैद्याऐवजी कोंड्यासह दळलेले भरड धान्य खावे, डाळी, उसळी व पालेभाज्या वाढवाव्यात आणि जमेल तर जवसासारखी तेलबी रोजच्या जेवणात आणावी. या यादीतील बहुतेक बाबी वर्धा जिल्ह्याच्या मुलखात दोनदा, दोन निरनिराळ्या कारणांनी नांदून गेल्या आहेत. एकदा काळ्या जमिनीच्या आणि निर्धनतेच्या जोरावर सामान्य कास्तकाराच्या घरी, आणि पुन्हा १९३४ नंतर मगनवाडी व सेवाग्राम येथील पंगतींत, बुद्धिपुरस्सर आणि नियमपूर्वक. हृदयाच्या रोहिण्यांचा विचार दोन्ही वेळी कोणाच्या मनात नव्हता, आणि म्हणूनच त्या ताटात आजच्या कसोटीला काय उतरते व काय उतरत नाही, हे तपासून पाहणे मला अगत्याचे वाटते.

नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढून १८६२ साली हा जिल्हा बनविण्यात आला, तेव्हा त्याची ओळख कापूस आणि ज्वारी या दोन पिकांनी होत असे. खरिपात ही दोन, रब्बीत गहू, हरभरा आणि जवस, मधल्या तासांत तूर, असा येथील पेऱ्याचा क्रम होता. आणि १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे पुलगाव-वर्ध्यावरून नागपुरास पोहोचल्यावर कापसाबरोबर गहू आणि जवसही मुंबई बंदराकडे वाहू लागला. युरोपातील कारखान्यांत रंग-रोगणासाठी ज्या जवसाच्या तेलाला मागणी होती, तेच तेल येथील रयत भाकरीबरोबर आणि कच्च्या मिरचीच्या ठेच्यावर ओतून खात असे. दिवसाच्या दोन्ही जेवणांस ज्वारीची भाकर, नाहीतर कण्या. सोबत तुरीचे वरण किंवा नुसती चटणी. पावसाळ्यात बांधावर आपोआप उगवणारा तरोटा आणि चिवळ, पुढे अंबाडी. असा हा आहार होता. आर्वी-कारंजाच्या टापूतील गवळाऊ गाय दूध देई, परंतु त्या दुधाचे तूप बहुधा बाजाराची वाट धरी, कारण मालगुजाराचे देणे आणि सावकाराचे व्याज रोखीने चुकवावे लागे; घरच्या ताटात तूप पडे ते पोळ्याच्या पुरणावर आणि बाळंतिणीच्या भातावर.

या आहाराचे गुणगान करताना एक गोष्ट विसरता कामा नये. तो मुख्यतः अभावातून घडलेला होता, आणि ज्या मुलखाने १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ एकाच दशकात सोसले, त्या मुलखातील मनुष्य हृदयरोगाने मरत नव्हता याचे एक कारण असेही होते, की पटकी, हिवताप आणि उपासमार त्याला त्या वयापर्यंत पोहोचूच देत नसत. तथापि ज्वारीचा कोंडा, तुरीची डाळ, पालेभाजी आणि जवस यांचा जो मेळ त्या ताटात होता, तो आजच्या आहारशास्त्राला मान्य होण्यासारखा आहे, एवढे मात्र निःसंशय म्हणता येते.

जवसाच्या तेलाविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. त्यातील निम्म्याच्या आसपास भाग अल्फा-लिनोलेनिक आम्ल या ओमेगा-३ वर्गातील स्निग्धाम्लाचा असतो, आणि तुपात निम्म्याहून अधिक असणारा संपृक्त स्नेह त्यात दहावा हिस्सा भरेल इतकाच. परंतु ज्या गुणामुळे हे तेल शरीरास हितकर, त्याच गुणामुळे ते नाशवंतही आहे. हवा आणि उष्णता लागताच ते लवकर खवट होते, आणि दीर्घकाळ तळणासाठी तर ते मुळीच योग्य नाही. असे तेल गावच्या तेल्याच्या घाण्यावरून थोडेथोडे, ताजे, आठवड्याच्या गरजेपुरते आणण्याची जी वहिवाट होती, ती या तेलाच्या प्रकृतीला नेमकी मानवणारी होती. पुढे गिरणीचे तेल डब्यांतून येऊ लागले तेव्हा डब्यात टिकणारी तेले टिकली आणि जवसाचे तेल स्वयंपाकघरातून मागे हटले. घाणा बंद पडल्यावर तेल्याच्या अंगणातील बैल गेला, गुरांची ढेप गेली, आणि त्याबरोबर घराघरांतील जेवणाची चवही पालटली.

१९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना वर्ध्यास झाली, तेव्हा बंद पडत चाललेला हा घाणा त्या संघाच्या कामाचा एक मुख्य विषय ठरला. जमनालाल बजाजांनी आपली बाग आणि बंगला संघास देऊन टाकला, मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ त्या स्थळास मगनवाडी हे नाव मिळाले, आणि डॉ. जे. सी. कुमारप्पा यांनी चिटणीसपदाची सूत्रे हाती घेतली. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, गूळ, मधमाशा, हातकागद असे अनेक उद्योग तेथे चालत. त्यांत झवेरभाई पटेल यांनी घाण्यावर केलेले काम मला सर्वांत मोलाचे वाटते. जुना घाणा एका वेळी थोडेच बी घेई, ढेपेत बरेच तेल सोडी आणि बैलाला फार राबवी. झवेरभाईंनी त्याची घडण सुधारून अधिक बी घेणारा व अधिक तेल काढणारा जो घाणा सिद्ध केला, तो पुढे देशभर ‘वर्धा घाणी’ या नावाने पसरला, आणि स्वातंत्र्यानंतर खादी व ग्रामोद्योग आयोगानेही त्याचाच पुरस्कार केला. तेल्याला गावातच पोट भरता यावे, ढेप गावच्या गुरांना मिळावी आणि भेसळ नसलेले ताजे तेल लोकांच्या मुखी लागावे, असा या खटपटीमागील विचार होता.

मगनवाडीच्या स्वयंपाकघराचा कारभार काही काळ स्वतः गांधीजींनी पाहिला. १९३५ साली तेथे सोयाबीनचे प्रयोग झाले. कच्चा पाला, कडुनिंबाची पाने, चिंच, कोंड्यासह धान्य यांचीही पारख तेथे करण्यात आली, आणि तिचे निष्कर्ष त्यांच्या ‘हरिजन’ साप्ताहिकातून प्रसिद्ध होत राहिले. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावास राहावयास गेले, १९४० मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले, आणि आश्रमाची पंगत एकादशव्रतांतील अस्वादव्रताच्या, म्हणजे जिभेच्या चवीसाठी न खाण्याच्या, शिस्तीखाली आली. उकडलेली भाजी, भाकर अथवा पोळी, दूध, गूळ, थोडे कच्चे खाणे, मसाल्याचा अभाव, असे ते भोजन. आणि भणसाळींसारखे एखादे आश्रमवासी तर कच्चे पीठ आणि कडुनिंबाचा पाला यांवरच राहत.

योगायोग असा, की १९१३ साली गांधीजी दक्षिण आफ्रिकेत ‘इंडियन ओपिनियन’मध्ये आरोग्याविषयी गुजराती लेखमाला लिहीत होते, त्याच वर्षी रशियात निकोलाय अनिच्कोव यांनी सशांना कोलेस्टेरॉल चारून त्यांच्या रोहिण्यांत मेदाचे थर साचतात असे दाखवून दिले. या दोन प्रवाहांची भेट गांधीजींच्या हयातीत झाली नाही. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावच्या हजारो रहिवाशांची पाहणी सुरू झाली ती १९४८ साली, आणि रक्तातील कोलेस्टेरॉल हे हृदयरोगाचे एक प्रमुख निमित्त होय, हे वैद्यकाने स्वीकारले ते त्यानंतर. मगनवाडीच्या काळी आहारशास्त्राची दृष्टी जीवनसत्त्वांवर आणि प्रथिनांवर खिळलेली होती, आणि अर्धपोटी देशात ते स्वाभाविकच होते.

म्हणून आगाखान राजवाड्यातील बंदिवासात लिहिलेल्या ‘आरोग्याची किल्ली’ या पुस्तकात गांधीजींनी बैठे काम करणाऱ्यासाठी दिलेले प्रमाण आज वाचताना सावध राहिले पाहिजे. धान्य सहा औंस, पालेभाजी तीन औंस, इतर भाज्या पाच औंस, कच्ची भाजी एक औंस, हे सर्व उत्तम. पण त्याच यादीत गाईचे दूध दोन पौंड आणि तूप दीड औंस आहे. दीड औंस म्हणजे सुमारे बेचाळीस ग्रॅम तूप, आणि त्यावर जवळजवळ एक किलो दुधातील साय. ज्यांनी १९१२ मध्ये दूध सोडले होते आणि पुढे मोठ्या आजारात बकरीच्या दुधाचा आधार घेतला, त्या गांधीजींनी मांसाहार न करणाऱ्यांना प्रथिने मिळावीत म्हणून दुधाला हे स्थान दिले, आणि कृश प्रकृतीच्या मनुष्यास ते मानवलेही असेल. तथापि ज्याचे कोलेस्टेरॉल वाढले आहे त्याच्यापुढे हे प्रमाण जसेच्या तसे ठेवणे अपायकारक होईल, असे मी स्पष्ट म्हणतो. वर्ध्याच्या गोरस भांडारातील गाईच्या तुपाचा गोरसपाक हे या नगराचे योग्य भूषण आहे, परंतु गाईविषयीचा आदर आणि तुपाचे रासायनिक गुणधर्म या दोन भिन्न बाबी आहेत.

त्या वर्तुळातील माणसेही या रोगांपासून मुक्त नव्हती. गांधीजींचा रक्तदाब १९३५ च्या अखेरीस मगनवाडीतच इतका वाढला, की काम थांबवून विश्रांती घ्यावी लागली, आणि पुढेही तो त्यांना वारंवार छळत राहिला. गोसेवेचे कार्य शिरावर घेऊन गोपुरीत झोपडी बांधून राहिलेले जमनालालजी ११ फेब्रुवारी १९४२ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने गेले, वय बावन्न. आणि मगनवाडी ते सेवाग्राम हा रस्ता भर उन्हाळ्यातही पायी तुडविणारे गांधीजींचे चिटणीस महादेवभाई देसाई त्याच वर्षी १५ ऑगस्टला हृदयाघाताने गेले, वय पन्नास. कोणाच्या मृत्यूचे कारण त्याच्या ताटात शोधण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण सात्त्विक आहार आणि नित्याची पायपीट यांनी रोहिण्यांचे सर्व दोष टळतात अशी जी समजूत अनेक घरांत आहे, तिला हा इतिहास दुजोरा देत नाही. शरीरातील बहुतांश कोलेस्टेरॉल यकृत आणि इतर पेशी स्वतःच घडवितात. ते रक्तातून काढून घेण्याची शक्ती काहींमध्ये जन्मतःच कमी असते, आणि ही यंत्रणा उलगडल्याबद्दल ब्राउन व गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

एका प्रश्नात मात्र वर्ध्याचे म्हणणे काळाने पूर्णपणे खरे ठरविले. १९३७ मध्ये डालडा बाजारात आला आणि हायड्रोजन भरून गोठविलेले तेल वनस्पती तुपाच्या नावाने घरोघरी शिरू लागले, तेव्हा गांधीजी, कुमारप्पा आणि ग्रामोद्योग संघाची सर्व मंडळी त्याच्या विरोधात उभी राहिली. तुपातील भेसळ, तेल्याची आणि गोपालकाची बुडणारी रोजी, चांगल्या तेलाला विनाकारण विकृत करण्याची क्रिया, हे त्यांचे आक्षेप होते. स्वातंत्र्यानंतर बंदीचा विचार कायदेमंडळापर्यंत गेला, पण बंदी आली नाही. भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पतीत तिळाचे तेल मिसळण्याची सक्ती मात्र झाली. १९९० मध्ये डच संशोधकांनी दाखवून दिले, की अर्धवट हायड्रोजन भरलेल्या तेलातील ट्रान्स स्नेह अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवितो आणि हितकर कोलेस्टेरॉल घटवितो, म्हणजे संपृक्त स्नेहाहूनही तो वाईट. भारतातील तेलांत व वनस्पतीत ट्रान्स स्नेहाचे प्रमाण दोन टक्क्यांवर जाऊ नये असा नियम अमलात आला तो २०२२ च्या जानेवारीत. वर्ध्याच्या माणसांजवळ रसायनशाळेचा हा पुरावा नव्हता; पण जो माल आपली ओळख लपवून विकला जातो त्याविषयी साशंक राहण्याची त्यांची वृत्ती किती योग्य होती, हे आता मान्य करावे लागते, आणि त्या वेळी त्यांचे ऐकले गेले असते तर अनेक कुटुंबे शोकातून वाचली असती, असे मला मनापासून वाटते.

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो, कारण ती सर्वांच्या डोळ्यांदेखत घडली. शिधावाटपाच्या दुकानातून गहू सुलभ झाला तशी पोळी भाकरीची जागा घेऊ लागली. मगनवाडीत ज्याची भाजी-उसळ करून पाहिली जात होती ते सोयाबीन गेल्या काही दशकांत जिल्ह्याच्या शेतांत पसरले, पण जेवणात न येता अडत्याकडून कारखान्यात गेले आणि शुद्ध केलेले तेल होऊन पिशवीतून परतले. रानडुकरांच्या उपद्रवाने ज्वारी पेरणे परवडेनासे झाले. आणि जवस रब्बीच्या पेऱ्यातून जवळपास नाहीसा झाला. तर्रीचे पोहे, भजी, वडे हे पूर्वी यात्रेत किंवा बाजारच्या दिवशी खाण्याचे पदार्थ रोजचे झाले. पिशवीवर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असे ठळक छापलेले असते, वस्तुतः कोलेस्टेरॉल हे कोणत्याच वनस्पतिजन्य तेलात दखल घेण्याइतके नसते. खरा प्रश्न तेल किती खाल्ले, ते किती वेळा तापविले आणि त्यातील स्नेह कोणत्या जातीचा, हा असतो.

आश्रमाच्या लहानशा दवाखान्यातून वाढलेल्या कस्तुरबा रुग्णालयाला जोडून डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये सेवाग्रामास वैद्यकीय महाविद्यालय उभारले, आणि तेथे येणारा नवा विद्यार्थी आजही आरंभीचे काही दिवस आश्रमात राहून तेथील भोजन घेतो. ज्या मातीत ताटाचे प्रयोग झाले त्याच मातीत रक्ताची तपासणी आणि हृदयाचे उपचार खेड्यातील मनुष्यास मिळतात, ही या जिल्ह्याची मोठी जमेची बाजू होय. म्हणून वर्ध्याच्या वाचकास माझी आग्रहाची विनंती आहे, की चाळिशी ओलांडली असेल तर एकदा रक्त तपासून घ्यावे. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ज्वारीच्या भरवशावर ती बंद करू नये. आश्रमाच्या ताटातून पालेभाजी, डाळ आणि भरड धान्य घ्यावे, तूप व साय बेताने घ्यावी. आणि ज्यांच्याकडे वावर आहे त्यांनी येत्या रब्बीत हरभऱ्याच्या कडेने चार तास जवसाचे अवश्य पेरावेत.