फ्रिस्कोत मृत्युपत्र, ट्रस्ट आणि प्रोबेटसाठी वकील निवडताना



पूर्वी मंडळाच्या कार्यकारिणीला फोन यायचे ते सत्यनारायणाला गुरुजी मिळतील का, डबा कोण देते, मुलांची मराठी शाळा किती वाजता असते, असे विचारायला. आता आपल्यातले बरेच जण इथे पंधरा-वीस वर्षे राहिले आहेत, आईवडीलही येऊन-जाऊन असतात, आणि कधीतरी एखादा फोन असाही येतो : "हे अचानक गेले. घर त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. कोणता वकील गाठू?" असा फोन आला की आमच्याकडे तयार उत्तर नसते. म्हणून हा लेख. आम्ही वकील नाही, तेव्हा हा कायदेशीर सल्ला समजू नये. वकिलाकडे जाण्याआधी काय माहीत असावे, एवढेच इथे मांडले आहे.

पहिली गोष्ट, आपली काउंटी कोणती? फ्रिस्को दोन काउंटींत विभागले आहे. पूर्वेकडचा भाग कॉलिन काउंटीत आणि पश्चिमेकडचा डेन्टन काउंटीत. घराच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर काउंटीचे नाव असते. कॉलिनचे काम मॅकिनीला चालते, डेन्टनचे डेन्टन गावात. दोन्हीकडे प्रोबेटसाठी स्वतंत्र न्यायालये आहेत. तेव्हा वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारा, "आमच्या काउंटीच्या प्रोबेट कोर्टात तुम्ही नेहमी जाता का?" तिथे रोज उठबस असणाऱ्या वकिलाला कोणता कागद कसा लागतो हे ठाऊक असते.

नोटरीच्या बाबतीत आपल्या लोकांची एक गफलत होते. महाराष्ट्रात नोटरी म्हटले की तो वकील असतोच. टेक्ससमध्ये तसे नाही. इथला नोटरी पब्लिक फक्त सही तुमचीच आहे याची खात्री करून शिक्का मारतो. त्याने मृत्युपत्राबद्दल सल्ला देणे कायद्यात बसत नाही. वकिलाचे लायसन्स चालू आहे का, त्याच्यावर कधी शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, हे स्टेट बार ऑफ टेक्ससच्या संकेतस्थळावर नाव टाकून फुकट पाहता येते. शिवाय टेक्सस बोर्ड ऑफ लीगल स्पेशलायझेशन 'इस्टेट प्लॅनिंग अँड प्रोबेट लॉ' या विषयात प्रमाणपत्र देते. ते नसलेले वकीलही चांगले असू शकतात, पण ते असणे ही जमेची बाजू. मित्राच्या इमिग्रेशनचे काम ज्याने छान केले तोच हेही करेल, असे मात्र धरून चालू नका.

आता मुख्य मुद्दा. इथला वकील कितीही हुशार असला तरी तो तुम्हाला कोथरूडच्या फ्लॅटबद्दल आपणहून विचारेलच असे नाही. आपला संसार दोन देशांत पसरलेला आहे आणि दोन्हीकडचा वारसा कायदा वेगळा आहे, हे त्याला आपणच सांगायचे.

समजा, एक गृहस्थ मृत्युपत्र न करता गेले. मागे पत्नी, त्या दोघांचीच दोन मुले आणि पुण्यात आई. फ्रिस्कोतले घर लग्नानंतर पगारातून घेतलेले. टेक्ससमध्ये लग्नानंतरची कमाई ही नवराबायको दोघांची सामाईक मालमत्ता धरतात, आणि सगळी मुले त्या दोघांचीच असतील तर ती पूर्ण पत्नीकडे जाते. आईला काही नाही. हेच घर लग्नाआधी घेतलेले असेल तर हिशेब उलटतो. घर मुलांचे होते आणि पत्नीला त्यातल्या एक-तृतीयांश भागाचा हयातीपुरता हक्क मिळतो. राहत्या घरात राहण्याचा तिचा हक्क वेगळा असतो, पण मुले अज्ञान असली तर ते घर विकताना कोर्टाची पायरी चढावी लागते. आणि याच गृहस्थांचा पुण्यातला स्वकष्टार्जित फ्लॅट? तिथे हिंदू वारसा कायदा, १९५६ लागू होतो. पत्नी, दोन मुले आणि आई, चौघांना सारखा वाटा.

म्हणून जाणकार सहसा दोन मृत्युपत्रे करायला सांगतात. इथल्या मालमत्तेसाठी टेक्ससच्या वकिलाकडून एक आणि भारतातल्या मिळकतीसाठी तिकडच्या वकिलाकडून दुसरे. यात एक खड्डा आहे आणि तो फार सहज नजरेतून सुटतो. इथल्या छापील मसुद्यात बहुधा पहिल्याच परिच्छेदात "याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द" असे वाक्य असते. ते तसेच राहिले तर वडिलधाऱ्यांच्या सांगण्यावरून पुण्यात केलेले मृत्युपत्र इथल्या एका सहीने रद्द होऊ शकते. वकिलाला भारतातले मृत्युपत्र दाखवा आणि ते वाक्य त्या त्या देशातल्या मालमत्तेपुरते मर्यादित करून घ्या.

साक्षीदारांचेही तसेच. टेक्ससमध्ये संपूर्ण स्वतःच्या हाताने लिहून सही केलेले मृत्युपत्र साक्षीदारांशिवाय चालते. भारतात मात्र दोन साक्षीदार लागतातच (भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५, कलम ६३). मुंबईतल्या मिळकतीसाठी हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचे होते. ती सक्ती करणारे कलम २१३ संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये काढून टाकले. पुण्यातल्या घराला ती मुळात नव्हतीच. तरीही तंटा असेल तर कोर्टात जावे लागेल, तेव्हा तिकडच्या वकिलाला सद्यस्थिती विचारा. भावाला दिलेल्या मुखत्यारपत्रावर विसंबून राहू नका, देणारी व्यक्ती गेली की ते त्याच क्षणी संपते.

"सोसायटीत नॉमिनी लावला आहे" हे वाक्य तर आम्ही कितीदा ऐकले असेल! नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. 'कालनिर्णय'चे जयंत साळगावकर यांच्या मागे त्यांच्या म्युच्युअल फंड वगैरे गुंतवणुकीवरून हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने सांगितले की नॉमिनेशनमुळे वारसांचा हक्क जात नाही. अमेरिकेत मात्र बरोबर उलटे आहे. आयुर्विम्यावर बेनिफिशियरी म्हणून ज्याचे नाव, पैसे त्याचे, मृत्युपत्रात काहीही लिहिलेले असो. पहिल्या नोकरीत, अविवाहित असताना विम्याला आईचे नाव लावले आणि पुढे बदलायचे राहून गेले, असे किती जणांचे असेल कोण जाणे. वकिलाची फी देण्यापूर्वी हे एक काम घरबसल्या फुकट करता येते. अज्ञान मुलांची नावे थेट लावू नका, विमा कंपनी त्यांच्या हातात पैसे देत नाही. इथे ट्रस्ट खरा उपयोगी पडतो.

ट्रस्टबद्दल आमचे मत जरा स्पष्टच सांगतो. हॉटेलात फुकट जेवण देऊन ट्रस्ट विकणाऱ्या सेमिनारना जायचे तर जेवायला जा, सही करायला नको. चांगले मृत्युपत्र असेल तर टेक्ससमधले प्रोबेट बऱ्याच राज्यांच्या मानाने सुटसुटीत आहे. एक्झिक्युटरला 'इंडिपेंडंट' अधिकार दिले असतील तर त्याला प्रत्येक गोष्टीसाठी न्यायाधीशांकडे जावे लागत नाही. दुसऱ्या राज्यात घर असेल, मुले लहान असतील किंवा एखाद्या मुलाला कायम आधार लागणार असेल, तर ट्रस्टचा जरूर विचार करावा. आणि केलाच तर घराचे डीड त्याच्या नावावर करून घ्या, नाहीतर ट्रस्टची जाडजूड फाइल कपाटात आणि घर होते तिथेच.

इस्टेट टॅक्स टेक्ससमध्ये नाही. केंद्राचा आहे, पण २०२६ पासून माणशी १ कोटी ५० लाख डॉलरपर्यंत माफी आहे, म्हणून बहुतेकांना त्याची चिंता नसते. मात्र ही माफी नागरिकांना आणि ज्यांचे कायमचे वास्तव्य अमेरिकेत धरले जाते त्यांना. तसे वास्तव्य सिद्ध झाले नाही तर माफी फक्त ६०,००० डॉलरची. जोडीदार नागरिक नसेल तर नवराबायकोतली अमर्याद सवलतही सरळ मिळत नाही. एच-१बीवर किंवा ग्रीन कार्डच्या रांगेत असणाऱ्यांनी आपला व्हिसा पहिल्याच भेटीत सांगावा आणि यावर वकिलाचे उत्तर ऐकावे. त्याने प्रश्न झटकून टाकला तर दुसरा वकील पाहा.

मुलांचे पालक कोण? आईवडील दोघेही अपघातात गेले तर आजी-आजोबा पुण्यात, व्हिसा मिळून ते येईपर्यंत मुले कोणाकडे? कायमचे पालक म्हणून मावशी किंवा काका यांचे नाव लिहावे आणि त्यांच्या येण्यापर्यंत जवळच्या एखाद्या मित्र-कुटुंबाची सोय वेगळी लिहून ठेवावी. ज्यांचे नाव लिहिता त्यांना आधी विचारा. भारतातल्या भावाला एक्झिक्युटर नेमायचे असेल तर तो चालतो, पण कोर्टाचे कागद स्वीकारायला टेक्ससमधला एक प्रतिनिधी नेमावा लागतो.

आता ज्यांच्या घरी दुःखद घटना घडून गेली आहे त्यांच्यासाठी. मृत्युपत्र सर्वसाधारणपणे ४ वर्षांच्या आत कोर्टात दाखल करावे लागते. दहाव्या दिवशीच धावायची गरज नाही, पण विसरूनही चालणार नाही. एक्झिक्युटर इतरांच्याही वतीने उभा असतो, म्हणून बरीच न्यायालये त्याला वकिलाशिवाय काम चालवू देत नाहीत. पण पूर्ण प्रोबेट लागेलच असे नाही. मृत्युपत्र आहे आणि घराच्या कर्जाखेरीज देणे नाही, तर 'म्युनिमेंट ऑफ टायटल' हा सोपा मार्ग आहे. मृत्युपत्र नाही आणि राहते घर वगैरे सोडून मालमत्ता ७५,००० डॉलरच्या आत आहे, तर 'स्मॉल इस्टेट अ‍ॅफिडेव्हिट' चालू शकते. "यातले काही आम्हाला लागू पडते का?" हे विचाराच. वारस ठरवण्याचा खटला लागलाच तर कुटुंबाचा इतिहास माहीत असलेले, पण वाटा नसलेले दोन साक्षीदार लागतात. अशा वेळी जुना कॉलेजमित्र कामी येतो.

फी ठोक की तासावर, कोर्टाचा खर्च त्यात धरला आहे का, फोनचे पैसे लागतात का, हे सारे लेखी करारात असावे. वकील एक्झिक्युटरचा आहे की सगळ्या कुटुंबाचा, तेही विचारा. बहुधा तो एक्झिक्युटरचाच असतो.

मृत्युपत्राची मूळ प्रत सांभाळा, झेरॉक्सवर काम अवघड होते. काउंटी क्लर्ककडे ती जमा करून ठेवता येते. घरी ठेवलीत तर कुठे ठेवली ते एक्झिक्युटरला सांगा. मॅकिनी किंवा डेन्टनच्या कोर्टात नुकतेच हे काम केलेल्या सभासदांनी आपला अनुभव मंडळाला कळवावा. कोणाचे नाव न छापता तो पुढच्या अंकात देऊ.