मुक्तस्रोत संगणकप्रणालीची निवड आणि मराठी वापरकर्ता : विठ्ठलवाडी परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

दैनंदिन वापराच्या संगणकासाठी कोणती कार्यप्रणाली निवडावी, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. परंतु या निवडीला इतिहास आहे आणि त्यात भाषा, शिक्षण व बाजार यांचा वाटा मोठा आहे. लिनक्स विनामूल्य असल्याने भारतासारख्या देशात ती आपोआप रुजेल, असे गृहीतक अनेकदा मांडले गेले. कल्याण आणि उल्हासनगर यांच्या मधोमध वसलेल्या विठ्ठलवाडीसारख्या उपनगराचा विचार केल्यास हे गृहीतक टिकत नाही.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला आणि पुढील वर्षी तो ग्नूच्या सार्वजनिक परवान्याखाली आला. भारतात १९९६ पासून ‘पीसीक्वेस्ट’ मासिकासोबत लिनक्सच्या सीडी मिळू लागल्या. उबुंटूच्या सीडी तर २००५ ते २०११ या काळात मागणी नोंदवताच टपालाने विनामूल्य घरी येत. तेव्हा प्रणाली हाती पडत नव्हती, असे म्हणता येत नाही.

मात्र त्याच काळात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून संगणक जुळवून देणे हा उपनगरांतील रूढ व्यवसाय होता. अशा संगणकावर विनापरवाना विंडोज घालून देण्याची प्रथाही सर्वपरिचित होती. ग्राहकाच्या दृष्टीने दोन्ही प्रणालींची किंमत शून्यच! परवान्याचे स्वातंत्र्य हा लिनक्सचा खरा विशेष होता. पण किंमत समान झाल्यावर या विशेषाकडे सामान्य ग्राहकाने लक्ष देण्याचे कारण उरले नाही. दुसरीकडे, २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम शासकीय सेवकांना आवश्यक ठरला. त्यातील अध्यापन मुख्यतः विंडोज आणि ऑफिस यांवर आधारलेले होते. नोकरीसाठी जे शिकावयाचे तेच घरी असावे, ही पालकांची अपेक्षा स्वाभाविक होती. केरळने २००१ साली सुरू केलेला ‘आयटी ॲट स्कूल’ हा शालेय उपक्रम टप्प्याटप्प्याने लिनक्सवर नेला. महाराष्ट्रात त्या प्रमाणावर तसे घडले नाही, आणि हा फरक धोरणाचा आहे.

तिसरे आणि अधिक खोल कारण लिपीचे होय. पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट तंत्रज्ञानाद्वारे भारतीय लिप्या संगणकावर आणल्या, परंतु मराठी छपाईचा व्यवहार श्री-लिपीसारख्या खासगी फाँटांवर आणि विंडोजवर स्थिरावला. लग्नपत्रिका छापणाऱ्यास लिनक्स सुचविणे म्हणजे त्याचा धंदाच बंद करण्यास सांगणे होते. लिनक्सवर देवनागरी आणण्यासाठी जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने (हे पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाले) ‘इंडिक्स’ प्रकल्प हाती घेतला. २००० च्या सुमारास वेंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी ‘इंडलिनक्स’ सुरू केला. रेड हॅटने २००४ मध्ये ‘लोहित’ फाँट खुले केले. लाल टोपीवाल्या कंपनीने आपल्या फाँटास ‘तांबडा’ या अर्थाचे नाव द्यावे, हेही साजेसेच.

तरीही मराठीची अडचण हिंदीहून वेगळी होती. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. रफार आणि अर्धचंद्राकृती र यांतील हा भेद संगणकाने पाळला नाही तर अर्थच बदलतो. युनिकोडमध्ये यासाठी ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाची सोय आहे. परंतु फाँट, कळफलक आणि अक्षरजुळणी करणारी आज्ञावली हे तिन्ही घटक एकमेकांशी जुळल्याखेरीज शब्द पडद्यावर नीट उमटत नाही. हे काम बहुतांशी स्वयंसेवक आणि पगारी अभियंते यांच्या संयुक्त चिकाटीने झाले. त्याची नोंद आपल्या प्रादेशिक इतिहासलेखनात जवळजवळ नाही.

याच लोहमार्गावर पुढे, कर्जत तालुक्यातील खैरात-धनगरवाडा येथे २००७ साली ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या प्रकल्पाचा प्रयोग झाला. तेथील एकशिक्षकी शाळेत मुलांच्या हाती आलेले हिरवे-पांढरे यंत्र फेडोरा लिनक्सवर चालत असे. विठ्ठलवाडीवरून जाणाऱ्या कर्जत लोकलने शेवटच्या स्थानकाला उतरून ज्या तालुक्यात पोहोचता येते, तेथील मुलांनी विंडोज न पाहताच संगणक हाताळला, ही बाब उपनगरी पालकांच्या समजुतीला छेद देणारी आहे. अर्थात त्या मुलांपुढे आधीची सवय मोडण्याचा प्रश्न नव्हता.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित साहाय्य संपले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते. अनेक जुन्या यंत्रांत ती नाही. चालू स्थितीतील संगणक भंगारात काढावा की त्यावर मिंट, उबुंटू अथवा सी-डॅकची ‘बॉस’ घालावी, हा विचार त्यामुळे अनेक घरांपुढे आला आहे. देवनागरी आता अडत नाही. अडते ते जुने दप्तर : खासगी फाँटांत टंकलेली सोसायटीची इतिवृत्ते, शाळेचे निकाल, संस्थांच्या घटना. तो फाँट नसलेल्या लिनक्सवर या फायली उघडल्या की मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा निरर्थक गोंधळ दिसतो. म्हणून प्रणाली बदलण्यापूर्वी, जुना संगणक चालू असतानाच, तो मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा लागतो; आणि प्रत्येक ‘र’ पुन्हा डोळ्यांखालून घालावा लागतो.