पडद्यावरचा विदूषक आणि सत्तेची खुर्ची

राजसत्तेने विदूषक पदरी बाळगावा आणि विदूषकाने राजाचे उणे राजाच्या तोंडावर सांगावे, हा प्रघात फार जुना आहे. आपल्या संस्कृत नाटकांत विदूषक आहे, युरोपातील दरबारांतही तो होता. इंग्लंडचे संत थॉमस मोर यांच्या घरी हेन्री पॅटनसन नावाचा विदूषक होता, हे वाचकांस ठाऊक असेल. पवित्र शास्त्रातही उपहासाचे वावडे नाही. कर्मेल डोंगरावर बआलाचे संदेष्टे आक्रोश करीत असता, ‘मोठ्याने हाका मारा, तुमचा देव झोपी गेला असेल,’ असा टोमणा एलियाने मारला. नाथानाने दावीद राजाला एका मेंढीची गोष्ट सांगितली. त्या गोष्टीतील दुष्ट धनिकावर राजा संतापला, तेव्हा ‘तो मनुष्य तूच आहेस,’ असे त्याने राजास सुनावले. दाविदाने नाथानाला तुरुंगात टाकले नाही, हा त्या प्रसंगातील अर्धा बोध आहे. तो बहुधा आपल्या ध्यानात राहत नाही.

विसाव्या शतकात राजदरबाराची जागा दूरचित्रवाणीने घेतली. जनतेच्या पैशावर चालणारी दूरचित्रवाणी कोणाची? सरकारची, पक्षाची की जनतेची? आणि तिच्या पडद्यावर राज्यकर्त्यांची टवाळी करण्यास मुभा असावी काय? हा वाद अनेक देशांत झाला. त्यांपैकी इटलीचा इतिहास आम्ही येथे मुद्दाम घेत आहोत. कारण तेथे प्रदीर्घ काळ सत्ता ख्रिस्ती लोकशाही पक्षाकडे, म्हणजे मिस्साला जाणाऱ्या, बिशपांचा आशीर्वाद लाभलेल्या माणसांकडे होती. परक्याच्या हातात चाबूक असतो तेव्हा न्यायाची चाड सर्वांनाच असते. चाबूक आपल्या माणसाच्या हाती आला म्हणजे आपण काय करतो, ही खरी कसोटी होय.

‘सभ्य’ पडदा

इटलीची सार्वजनिक प्रसारणसंस्था ‘राई’ हिने ३ जानेवारी १९५४ रोजी दूरचित्रवाणीची नियमित सेवा सुरू केली. त्याच वर्षीच्या पहिल्या दिवशी पोप पायस बारावे यांनी इटलीच्या बिशपांना या नव्या साधनाविषयी पत्र लिहिले. त्याच्या सामर्थ्याचे त्यांना कौतुक होते आणि कुटुंबावर होणाऱ्या परिणामांची चिंताही होती. १९५७ साली ‘मिरांदा प्रोर्सूस’ या विश्वपत्रात त्यांनी चित्रपट, रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांचा सविस्तर परामर्श घेतला, आणि १९५८ साली असिसीच्या संत क्लारा यांना दूरचित्रवाणीच्या आश्रयदात्या संत म्हणून घोषित केले.

राईचे त्या वेळचे प्रमुख फिलिबेर्तो ग्वाला हे अत्यंत भाविक गृहस्थ होते. पुढे त्यांनी संसार सोडून ट्रॅपिस्ट मठात प्रवेश केला, यावरून त्यांची निष्ठा कळावी. त्यांच्या कारकिर्दीत कार्यक्रमांसाठी जी आचारसंहिता झाली, तिच्यात कुटुंबसंस्था, धर्म आणि सार्वजनिक अधिकार यांचा मान राखण्यावर भर होता. १९६१ पासून १९७४ पर्यंत एत्तोरे बेर्नाबेई यांनी राईची सूत्रे सांभाळली. तेही श्रद्धावंत होते आणि ख्रिस्ती लोकशाही पक्षाचे नेते फानफानी यांच्या निकटचे होते.

या मंडळींनी वाईट कामच केले असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९६० साली सुरू झालेल्या ‘नॉन ए माई त्रोप्पो तार्दी’ (कधीच उशीर झालेला नसतो) या कार्यक्रमातून आल्बेर्तो मान्झी या शिक्षकाने लाखो निरक्षर प्रौढांना पडद्यावरून लिहा-वाचायला शिकविले. इटलीच्या खेड्यापाड्यांत प्रमाण इटालियन भाषा पोहोचविण्याचे श्रेयही दूरचित्रवाणीला दिले जाते. त्यांची चूक वेगळी होती. धर्माचा मान, सरकारचा मान आणि पक्षाचा मान या तीन निरनिराळ्या गोष्टी त्यांनी एकाच कुंपणात घातल्या. पहिल्याचे रक्षण करता करता ते तिसऱ्याचे पहारेकरी केव्हा झाले, हे त्यांचे त्यांनाही कळले नसावे.

दोन प्रसंग

१९५९ च्या जून महिन्यात फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल इटलीत आले होते. मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात त्यांच्या शेजारी बसताना इटलीचे राष्ट्राध्यक्ष ग्रोन्की यांची खुर्ची चुकली आणि ते खाली पडले. वृत्तपत्रांनी या घटनेची वाच्यता फारशी केली नाही. पण ‘उन, दुए, त्रे’ या लोकप्रिय विनोदी कार्यक्रमात उगो तोन्यात्सी खुर्चीवर बसायला गेले, धपकन खाली आदळले, आणि सहकारी रायमोंदो वियानेल्लो यांनी त्यावर टिप्पणी केली. प्रसंग काही क्षणांचा होता. त्यात शिवी नव्हती, आरोप नव्हता. मोठा माणूसही आपल्यासारखाच पडतो, एवढाच त्याचा आशय. परंतु पाच वर्षे चाललेला तो कार्यक्रम त्यानंतर बंद झाला.

दुसरा प्रसंग अधिक गंभीर आहे. १९६२ च्या शरद ऋतूत ‘कान्त्सोनिस्सिमा’ हा गीतस्पर्धेचा अतिशय लोकप्रिय कार्यक्रम नाटककार दारिओ फो आणि त्यांच्या पत्नी फ्रांका रामे यांच्याकडे सोपविण्यात आला. फो डाव्या विचारांचे होते, आणि गाण्यांच्या मध्ये त्यांनी प्रहसने घातली. एका प्रहसनात मांसाच्या कारखान्यात यंत्रात सापडून मेलेली एक बाई डबाबंद होऊन घरी येते. दुसऱ्यात माफियाने मारलेल्या पत्रकाराची कथा होती. त्यावर संसदेपर्यंत ओरड झाली. सिसिलीच्या अब्रूला धक्का लावल्याची तक्रार पुढे आली. पुढचे प्रहसन बांधकाम-मजुरांच्या अपघातांविषयी होते. मजुरांच्या सुरक्षिततेवर खर्च करण्यास ठेकेदार नाखूष असतो, असा त्याचा विषय. त्याच वेळी देशात बांधकाम-मजुरांचा संप चालू होता. राईने प्रहसन गाळण्यास सांगितले. फो आणि रामे यांनी ते अमान्य केले आणि २९ नोव्हेंबर १९६२ रोजी, कार्यक्रम प्रक्षेपित व्हायच्या सुमारास, ते बाहेर पडले. त्यानंतर जवळजवळ पंधरा वर्षे राईचे दार त्यांना बंद राहिले.

येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. फो पक्षपाती होते काय? निःसंशय होते. कारखानदारांवर त्यांनी जेवढे आसूड ओढले, तेवढे डाव्या हुकूमशाह्यांवर ओढले नाहीत. माओच्या चीनचे तर त्यांनी कौतुक केले. तेव्हा ‘सार्वजनिक पैशावर एका बाजूचा विनोद का?’ हा आक्षेप निराधार नव्हता. परंतु आक्षेप घेणाऱ्यांनी दुसऱ्या बाजूचा विनोदकार पुढे आणला नाही; त्यांनी विनोदच हद्दपार केला. शिवाय ज्या विषयांवर फो बोलत होते ते विषय खोटे होते काय? माफियाची चौकशी करण्यासाठी संसदीय आयोग नेमण्याचा कायदा त्याच वर्षी २० डिसेंबरला मंजूर झाला, म्हणजे फो बाहेर पडल्यावर अवघ्या तीन आठवड्यांनी.

ख्रिस्तसभेच्या दृष्टीने हा भाग अधिक बोचणारा आहे. १९६४ साली पालेर्मोचे कार्डिनल रुफ्फिनी यांनी सिसिलीच्या खऱ्या चेहऱ्याविषयी मेषपालपत्र काढले. बाहेरचे लोक माफियाचा बोभाटा करून बेटाची बदनामी करतात, असा त्याचा रोख होता. पुढे ९ मे १९९३ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी आग्रिजेंतो येथे माफियाच्या लोकांना उद्देशून पश्चात्तापाची हाक दिली आणि परमेश्वराच्या न्यायाची आठवण करून दिली. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला पालेर्मोचे धर्मगुरू फादर पिनो पुलीसी यांना माफियाने ठार मारले. २०१३ साली त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. एका हुतात्म्याच्या रक्ताने जे शिकावे लागले, त्याची पहिली सूचना एका विदूषकाने तीस वर्षे आधी दिली होती. ती सांगणारा आपला नव्हता, म्हणून ती ऐकली गेली नाही.

कुंपणाचे वाटे

१९७४ साली इटलीच्या घटनात्मक न्यायालयाने प्रसारणाविषयी महत्त्वाचे निर्णय दिले. सार्वजनिक प्रसारणाची मक्तेदारी टिकवायची असेल तर तिच्यावर सरकारचे वर्चस्व नको आणि कार्यक्रम निःपक्षपाती हवेत, असा त्यांचा आशय होता. त्यानुसार एप्रिल १९७५ मध्ये कायदा झाला आणि राईचे नियंत्रण सरकारकडून संसदेकडे गेले. हेतू उत्तम होता. परिणाम मात्र असा झाला, की पक्षांनी वाहिन्या वाटून घेतल्या. पहिली ख्रिस्ती लोकशाहीवाद्यांची, दुसरी समाजवाद्यांची, आणि पुढे निघालेली तिसरी साम्यवाद्यांच्या कलाची. इटालियन भाषेत या वाटणीला ‘लोत्तित्सात्सिओने’ म्हणतात. शेताचे तुकडे पाडून वाटावेत, तसा हा प्रकार. निःपक्षपात याचा अर्थ ‘प्रत्येकाला आपापला पक्षपात’ असा लावला गेला.

या बदलामुळेच १९७७ साली फो दुसऱ्या वाहिनीवर परतले. त्यांचे ‘मिस्तेरो बुफ्फो’ प्रक्षेपित झाले आणि मोठे वादळ उठले. त्यात पोप बोनिफास आठवे यांच्या गर्वाची थट्टा आहे. व्हॅटिकनकडून तीव्र निषेध झाला. रोमचे कार्डिनल व्हिकर पोलेत्ती यांनी पंतप्रधान आंद्रेओत्ती यांच्याकडे तक्रार केली. भाविकांना झालेले दुःख खरे होते आणि ते हसण्यावारी नेण्याजोगे नाही. पण याच बोनिफास पोपसाठी महाकवी दान्ते यांनी आपल्या महाकाव्यात नरकात जागा राखून ठेवली आहे, हे विसरता येत नाही. त्याच दान्तेचा गौरव पोप पॉल सहावे यांनी १९६५ साली आणि पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली खास पत्रे लिहून केला. काळाने दान्तेच्या उपहासातील विष काढून घेतले आणि औषध तेवढे ठेवले.

दोष केवळ आपल्याच लोकांचा होता, असेही नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये विनोदकार बेप्पे ग्रिल्लो यांनी पहिल्या वाहिनीवर पंतप्रधान क्राक्सी यांच्या चीनदौऱ्यावर विनोद केला: तिथे सगळेच समाजवादी असतील, तर मग ते चोरी कोणाकडे करतात? समाजवादी पक्ष खवळला आणि ग्रिल्लो यांना राईपासून दूर व्हावे लागले. काही वर्षांनी, १९९२ पासून, मिलानच्या लाचलुचपत प्रकरणांत क्राक्सी यांचा पक्ष बुडाला. पुढे १८ एप्रिल २००२ रोजी पंतप्रधान बेर्लुस्कोनी यांनी सोफिया येथे तिघांची नावे घेऊन त्यांच्यावर सार्वजनिक दूरचित्रवाणीचा गैरवापर केल्याचा आरोप केला. त्यांत एन्झो बिआजी आणि मिकेले सांतोरो हे दोन पत्रकार होते आणि दानिएले लुत्तात्सी हे विनोदकार. तिघांचेही कार्यक्रम नाहीसे झाले. २००३ साली साबिना गुत्सांती यांच्या ‘राईओत’ या उपहासात्मक कार्यक्रमाचा एकच भाग दाखवून तो थांबविण्यात आला. बेर्लुस्कोनी यांच्या स्वतःच्या मालकीच्या तीन खाजगी वाहिन्या होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे या घटनेचे गांभीर्य कळते. पक्ष बदलले, शतक बदलले. खुर्चीचा स्वभाव मात्र तोच राहिला.

आपल्यासाठी

या इतिहासातून आम्हांला तीन भेद स्पष्ट दिसतात. पहिला भेद बातमी आणि प्रहसन यांतला. बातमीने समतोल राखलाच पाहिजे, कारण ती सत्य सांगण्याचे वचन देते. प्रहसन स्वभावतःच एका बाजूने बोलते. त्याचा समतोल दुसऱ्या प्रहसनाने साधायचा असतो, कात्रीने नव्हे. दुसरा भेद बलवान आणि दुर्बल यांतला. सिंहासनावरील माणसाची थट्टा हा उपहास; मजुराची, अपंगाची वा अल्पसंख्याकाची थट्टा ही केवळ क्रूरता. तिसरा भेद श्रद्धा आणि श्रद्धेच्या नावाने चालणारी सत्ता यांतला. पहिलीची विटंबना झाली तर आपण जरूर आणि सनदशीर मार्गाने बोलावे. दुसरीची झाली तर आधी आरशात पाहावे.

आपल्या देशात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय दिला. त्या निकालपत्रात युरोपीय देशांतील प्रसारणकायद्यांचाही विचार झाला आहे. १९९७ साली प्रसार भारतीचा कायदा अमलात आला. कायदा झाला म्हणजे मोकळेपणा आलाच, असे नाही, हे इटलीने दाखविले आहे. सत्ताधाऱ्याच्या अंगी हसून घेण्याचा मोठेपणा आणि प्रेक्षकाच्या अंगी विरोधी विनोद ऐकण्याची सहनशीलता नसेल, तर कायद्याचा कागद कोराच राहतो.

ख्रिस्तसभेपुरते बोलायचे, तर तिने या बाबतीत बरीच वाट चालली आहे. लोकमताचा अभाव असेल तर ख्रिस्तसभेच्या जीवनातही काही उणे राहील, असे पायस बारावे यांनीच १९५० साली म्हटले होते, आणि १९७१ च्या ‘कोम्युनिओ एत प्रोग्रेस्सिओ’ या दस्तऐवजाने ते पुन्हा अधोरेखित केले. १४ जून २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी जगभरातील शंभरहून अधिक विनोदकारांना व्हॅटिकनमध्ये बोलावले. आपण प्रिय माणसांशी थट्टामस्करी करतो तसे देवाशीही हसता येते, मात्र भाविकांच्या भावना दुखावू नयेत, असे त्यांनी त्यांना सांगितले. विनोदबुद्धीसाठी थॉमस मोर यांच्या नावे असलेली प्रार्थना ते नित्य म्हणत. ज्या शहरातून १९७७ साली निषेधाची तार गेली, त्याच शहराच्या बिशपांनी विदूषकांना घरी बोलावले. या दोन्ही घटनांमध्ये सत्तेचाळीस वर्षांचे अंतर आहे.

आता आपल्या घरातील पडद्यावर एखाद्या पुढाऱ्याची नक्कल पाहून आपण पोट धरून हसतो. पण आपल्या आवडत्या पुढाऱ्याची, आपल्या जातीची वा धर्मग्रामातील मंडळींची नक्कल झाली की भुवया वर जातात. अशा वेळी पालकांनी मुलांपुढे वाहिनी बदलण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा: हा माणूस खोटे बोलतो आहे काय, की केवळ आपल्याला न आवडणारे खरे बोलतो आहे? नाथानाची गोष्ट दाविदाला शेवटपर्यंत ऐकावी लागली. ती त्याने अर्ध्यावर थांबविली असती, तर पश्चात्तापाची वेळ त्याच्यावर आलीच नसती, आणि क्षमेचीही नाही.